मापात पाप नको

२ ऑगस्ट २०२२ रोजी लव्हली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया आणि रूपा राणी तिर्की या चौघींनी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दक्षिण आफ्रिकेला १७-१० असे हरवले आणि लॉन बॉल्समध्ये भारताला पहिलेवहिले पदक मिळवून दिले, तेही सोन्याचे. चौघीही तिशी ओलांडलेल्या. कुणी पोलिसात, कुणी वन खात्यात, तर पिंकी शाळेत खेळ शिकवणाऱ्या. त्यांचे कौतुक पुष्कळ झाले, व्हायलाच हवे होते. आज आम्ही सांगणार आहोत ते त्याच हिरवळीच्या कडेला उभ्या असणाऱ्या पंचाबद्दल.

आधी खेळ समजून घेऊ. सपाट हिरवळीवर ‘जॅक’ नावाचा छोटा चेंडू घरंगळत सोडायचा; तो निदान २३ मीटर तरी गेला पाहिजे. मग दोन्ही संघांनी आपापले मोठे चेंडू त्याच्या जवळात जवळ न्यायचे. गंमत अशी की हे चेंडू पुरते गोल नसतात. घडणच अशी, की वेग मंदावला की ते एका बाजूला वळतात. ज्याचा चेंडू जॅकच्या सर्वांत जवळ, त्याला गुण. म्हणजे सारा खेळ अंतराचा.

अंतर आले की वाद आलाच. आपल्या गल्लीत गोट्या खेळताना मुले वितीने मोजतात आणि ‘तुझी वीत मोठी’ म्हणून भांडतात, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. लॉन बॉल्समध्ये मात्र एक सुंदर प्रथा आहे. फेरी संपली की गुण कुणाचे, हे प्रथम खेळाडूंनीच आपसात ठरवायचे. बहुतेक वेळा एक जण म्हणतो ‘तुमचा’, आणि दुसरा मान हलवतो. दोघांचे जमलेच नाही, तर पंचाला हाक मारायची. न बोलावता त्याने मोजायला जायचे नाही.

या हाकेसाठी पंचाला तयार व्हावे लागते. ज्या देशांत हा खेळ रुजला आहे, तिथे त्याचे रीतसर प्रशिक्षण असते. नियमांचा अभ्यास, लेखी परीक्षा आणि त्यानंतर हिरवळीवर प्रत्यक्ष मोजमापाची परीक्षा. ऑस्ट्रेलियात तर पंच होण्याआधी फक्त ‘मोजणारा’ म्हणून पात्र होण्याची पायरी आहे. पंचांपैकी पुष्कळ जण आवडीने, विनामोबदला हे काम करतात.

पंचाची पिशवी पाहण्यासारखी असते. लांब अंतरासाठी टेप, मध्यम अंतरासाठी दोरीचे माप, अगदी जवळच्यासाठी कॅलिपर. त्याहूनही बारीक फट असेल तर फिलर गेज, म्हणजे गॅरेजमध्ये मिस्त्री वापरतात त्या पातळ पट्ट्या. कलंडू पाहणारा चेंडू जागीच राहावा म्हणून पाचरी. आणि एक खडू. जो चेंडू जॅकला स्पर्श करतो, त्याच्यावर खडूची खूण करतात. असा खूण असलेला चेंडू आपल्या पट्ट्याच्या हद्दीत कडेच्या चरात पडला, तरी तो खेळात जिवंत राहतो. खूण नसलेला चरात गेला की बाद.

साधने हाताळणे सरावाने जमते. अवघड आहे ते हाताला लावायचे वळण. गुडघ्यावर बसून मोजायचे. पण ना जॅकला धक्का लागला पाहिजे, ना चेंडूला. केसभर हलले तरी ज्याचे अंतर मोजायचे होते, तेच उरले नाही. दोरीचा ताण दोन्ही चेंडूंना सारखाच ठेवायचा. एकाला सैल आणि दुसऱ्याला घट्ट, हे चालत नाही. शेवटचा चेंडू थांबल्यावर एखादा चेंडू पडण्याच्या बेतात असेल आणि खेळाडूंनी मागणी केली, तर ३० सेकंदांपर्यंत वाट पाहायची. इथे घाई करणाऱ्या पंचाचे काम नाही.

आणि विचारले तेवढेच सांगायचे. ‘या दोहोंत जवळचा कोणता?’ असा प्रश्न असेल तर त्या चेंडूकडे बोट दाखवायचे आणि बाजूला व्हायचे. ‘थोडक्यात हुकले हो’ अशी हळहळ नको, शाबासकीही नको. दोन्ही संघांचे जवळचे चेंडू अगदी सारख्या अंतरावर निघाले, तर त्या फेरीत कुणालाच गुण नाही. दोन्ही बाजू आशेने पाहत असताना ‘कुणालाच नाही’ म्हणायला धीर लागतो. मोजमापाबाबत पंचाचा शब्द अखेरचा. नियमाच्या अर्थाबद्दल मात्र वरच्या मंडळाकडे दाद मागता येते. पंचाच्या हाताचा मान राखला आहे, पण त्याला नियमाचा मालक केलेले नाही.

आम्ही शिक्षक मंडळी मुलांना जिंकायला शिकवतो, हार पचवायलाही थोडेफार शिकवतो. मोजायला मात्र क्वचितच शिकवतो. शाळेच्या मैदानावर लांब उडीची टेप धरायला आम्ही त्या मुलाला उभे करतो, ज्याला खेळात घेतलेले नसते; जणू ते उरलेले काम. खरे तर आपल्या जिवलग मित्राची उडी दोन बोटे कमी भरली आणि तेवढीच सांगितली, हा त्या मुलाच्या इमानाचा कस आहे. घरातही भावंडांच्या भांडणात, वाटणीच्या बोलण्यात अशा एकाची गरज पडते, ज्याचे माप दोन्ही बाजू मान्य करतील. असा माणूस एका दिवसात घडत नाही.

भारतात या खेळाचा कारभार बॉलिंग फेडरेशन ऑफ इंडिया पाहते. कुणाला या वाटेने जायचे असेल तर चौकशी तिथे करावी. हे काम धावण्याच्या बळावर चालत नाही, त्यामुळे वयाची चाळिशी आड येत नाही. आणि येत्या क्रीडामहोत्सवात टेप कुणाच्या हाती द्यायची, हे या वेळी जरा विचार करून ठरवू या. ज्याच्या हाती देऊ, त्याला आधी एवढेच शिकवू: दोन्ही बाजूंना दोरी सारखी ताण.