आजीचें नांव सात-बाऱ्यावर कोठें आहे?

आपल्या मासिकांत बी-बियाणें, खतें, बोंडअळी व बाजारभाव यांविषयीं उपयुक्त मजकूर येत असतो. प्रस्तुत लेखकाचा विषय घरांतला आहे. परंतु ज्याच्या नांवें शेत आहे अशा प्रत्येक वाचकाशीं त्याचा संबंध पोंचतो, म्हणून संपादकांकडे एवढी जागा मागण्याचें धाडस केलें आहे.

माझी आजी सावंगी (मेघे) येथें सून म्हणून आली तेव्हां वर्धा जिल्ह्यांत मालगुजारी चालू होती. तिचें माहेर देवळीच्या बाजूस. अक्षराशीं तिची ओळख नव्हती. पण शेताचा हिशेब तिच्याजवळच असे. कपाशीची वेचणी सुरू झाली म्हणजे प्रत्येक वेचणारणीच्या नांवानें ओसरीच्या भिंतीवर गेरूच्या रेघा उठत, आणि आठवड्याच्या शेवटीं चुकाऱ्यांत एका पैशाचाही फरक पडत नसे. जवारीचीं बियाण्याचीं कणसें कोणत्या तासांतून काढावयाचीं, तुरीला राख किती लावावयाची, कोणत्या धुऱ्यापाशीं पाणी तुंबतें, हें आबाजी तिलाच विचारीत. मात्र चारचौघांत ते तसें कबूल करीत नसत. घरोघरीं हेंच असतें.

आमच्या शेतांतील विहीर तिच्या दागिन्यांवर झाली. माहेराहून आलेले चांदीचे गोठ व सोन्याची गळसरी तिनें आपण होऊन काढून दिली, असें माझे वडील सांगत. त्या विहिरीमुळें कोरडवाहू जमिनीच्या एका तुकड्यांत गहूं व भाजीपाला निघूं लागला. सात-बाऱ्यावर, पाण्याच्या साधनाच्या रकान्यांत, ती विहीर नोंदलेली आहे. विहीर देणारीची नोंद कोठेंच नाहीं.

आबाजी १९७१ सालीं वारले. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्याप्रमाणें विधवा, मुलगे व मुली हे सारे पहिल्या वर्गाचे वारस. म्हणजे आजीचा व माझ्या दोन्ही आत्यांचा हिस्सा त्याच दिवशीं उत्पन्न झाला होता. परंतु दप्तरीं नांव लागलें तें थोरल्या काकांचें, आणि पुढें तीन अक्षरें पडलीं: ए. कु. म., म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. या तीन अक्षरांच्या आड आपल्या महाराष्ट्रांतील किती विधवा व किती लेकी दडून गेल्या असतील, हें ज्यानें फेरफाराच्या वह्या चाळल्या आहेत त्यास विचारावें. नोंदीनें कोणाची मालकी जातही नाहीं आणि येतही नाहीं, हें कायद्याचें तत्त्व खरें आहे. पण कर्ज, नुकसानभरपाई व विक्री हीं सारीं कामें नोंदीवरच चालतात. नांव नसलेल्या मालकाला कोण विचारतो?

आतां जें सांगावयाचें तें माझ्याविषयींचें आहे. १९९३ सालीं काका व वडील यांची वाटणी झाली. मी त्या वेळीं महसूल खात्यांत नवा कारकून होतों आणि घरांतला लिहिणारा म्हणून सारे कागद मींच तयार केले. शेताचे दोन सारखे भाग, आत्यांचें हक्कसोडपत्र, आजीचें त्यांतच. आत्यांना एकेक साडीचोळी दिली. आजीचा आंगठा मीं आपल्या हातानें शाईंत बुडवून कागदावर टेकविला. तिनें विचारलें, “यात माह्यं नाव कोठं हाय रे बापू?” मी हंसून म्हणालों, “आजी, तुला नांव कशाला पाहिजे? सारें तुझेंच तर आहे.” त्यावर ती म्हणाली, “सारं माह्यं हाय, तं मंग लिहाले काय जाते?”

या प्रश्नाचें उत्तर मला तेव्हां देतां आलें नाहीं, आणि पुढें तीसहून अधिक वर्षें दुसऱ्यांचे फेरफार लिहूनही सुचलें नाहीं.

दोनच वर्षांत थोरली आत्या विधवा होऊन दोन मुलांसह सावंगीस परत आली. विहिरीजवळचे दोन एकर तिला द्यावे असें आजीच्या मनांत होतें. तिनें दोन्ही मुलांना सांगून पाहिलें. कोणी नाहीं म्हटलें नाहीं आणि कोणी दिलेंही नाहीं. हंगाम संपूं द्या, कर्ज फिटूं द्या, असें होतां होतां १९९९ सालीं आजी गेली. जिचा स्वतःचा हिस्सा होता तिला एक वाफाही लेकीस देतां आला नाहीं. आत्या दुसऱ्यांच्या शेतांत निंदणास जाई. पुष्कळदां आमच्याही शेतांत, रोजानें. तिला मजुरीचे पैसे मोजून देतांना माझी आई मान वर करीत नसे. गांवच्या बाजूस मोठें रुग्णालय व महाविद्यालय उभें राहिल्यापासून जमिनीचे भाव चढले, काकांच्या मुलांनीं त्यांचा भाग प्लॉट पाडून विकला, आणि त्यांतून आत्याच्या वांट्यास एक लुगडें आलें.

आमच्या दोन्ही घरांत आजीचा फोटो आहे. तिच्या तिथीला पुरणाचा नैवेद्य होतो. तिच्यावर आमचें प्रेम नव्हतें असें कोणी म्हणूं शकणार नाहीं, आणि म्हणूनच हें लिहीत आहें. प्रेम पुष्कळ होतें. रकान्यांत तेवढें उतरलें नाहीं.

वाचक म्हणतील, लेकींना हिस्सा दिला तर शेताचे तुकडे होतील. तुकडेबंदीचा कायदा १९४७ सालचा आहे. पण दोन भावांनीं एक शेत चिरलें तेव्हां त्याची आठवण कोणास झाल्याचें मीं कचेरींत फारसें पाहिलें नाहीं. बहिणीचें नांव निघालें कीं मात्र तुकड्यांची चिंता सुरू होते. शिवाय नांव लावणें म्हणजे शेत कापणें नव्हे. समाईक खात्यावर हिस्सा लिहून वहीत एकत्र ठेवतां येते. दुसरा आक्षेप लग्नाच्या खर्चाचा. तो खर्च मुलांच्याही लग्नांत होतो, पण त्यापायीं मुलांचा हिस्सा कोणी कापीत नाहीं. तिसरा आक्षेप असा कीं बहीणभावांत वितुष्ट येईल. हा मात्र खरा आहे व मी तो हलका लेखीत नाहीं. माहेर तुटेल या भीतीनेंच आत्यांनीं सही केली. पण जें माहेर एका सहीवर टिकतें, त्याची किंमत कोणी मोजली, भावानें कीं बहिणीनें?

कायदा तर पुष्कळ पुढें गेला आहे. महाराष्ट्रानें १९९४ सालीं मुलींना वडिलार्जित मिळकतींत जन्मतः हक्क दिला. २००५ सालीं सर्व देशास तो लागू झाला. वडील त्या दिवशीं हयात असण्याची गरज नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं विनीता शर्मा यांच्या खटल्यांत दिला. शेतकरी संघटनेच्या शरद जोशी यांनीं तर १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची चळवळ काढून, ज्या गांवांतील शंभराहून अधिक शेतकरी आपल्या बायकोच्या नांवें जमीन करून देतील त्या गांवाचा गौरव आरंभिला होता. असें असूनही २०१५-१६ च्या कृषिगणनेंत देशांतील वहितीच्या खात्यांपैकीं बायकांच्या नांवचीं सुमारें १४ टक्केच निघालीं.

खानदेशांतील बहिणाबाई चौधरी १९५१ सालीं वारल्या. त्यांनाही अक्षर येत नव्हतें. शेतांत व जात्यावर त्यांनीं रचलेलें पुत्र सोपानदेव यांनीं जपलें आणि तें १९५२ सालीं छापून निघालें, म्हणून आज त्यांचें नांव आहे. नांव लिहिणारा हात घरांतलाच असावा लागतो. आमच्या घरांतला तो हात माझा होता.

मी गेल्या वर्षीं निवृत्त झालों. वडिलांचा भाग अद्याप माझ्याकडे असून विहीर त्यांतच आहे. पत्नीचें नांव सहहिस्सेदार म्हणून लावण्याचा कागद पूर्वींच झाला. विहिरीजवळच्या दोन एकरांचें बक्षीसपत्र मीं मागील महिन्यांत थोरल्या आत्याच्या नांवें नोंदवून दिलें. मजकुरांत तिच्या आईचें नांव पूर्ण लिहिलें, आणि विहीर कोणाच्या दागिन्यांवर झाली हेंही लिहिलें. मजकुरास त्याची गरज नव्हती असें लिहिणाऱ्यानें सुचविलें; मीं तें राहूं द्या म्हटलें. आत्याचें वय आतां ऐंशींच्या घरांत आहे. ती म्हणाली, “आता मी काय वाहीन बापू?” तिचा मुलगा वाहील.

फेरफाराची नोटीस चावडीवर लागली आहे. पंधरा दिवसांपैकीं नऊ झाले. अद्याप कोणाची हरकत आलेली नाहीं.