पाटीचा पैसा पत्र्यात घाला

नाकाडोंगरीत नवं दुकान लागलं की मालक मला पहिला प्रश्न करतो, "पेंटर भाऊ, फुटाचा भाव काय?" रंग कोणता, अक्षर केवढं, सगळं विचारून होतं. अक्षरं लिहायची कशावर, हे कुणी विचारत नाही. माझं म्हणणं एवढंच की पाटीचा निम्मा निकाल तिथेच लागतो.

हे मी नुकसान सोसून शिकलो. सुरुवातीला एका शाळेची पाटी कोऱ्या जीआय पत्र्यावर थेट ऑइल पेंटने लिहिली. एकच पावसाळा गेला आणि रंगाचे पापुद्रे नखाने निघू लागले. खाली पत्रा तसाच चकचकीत. त्या पत्र्यावर जस्ताचा थर असतो. ऑइल पेंटमधलं तेल आणि जस्त मिळून मध्ये साबणासारखा थर धरतो आणि रंगाची पकड सुटते. पाटी मी पदरच्या पैशाने पुन्हा लिहून दिली. तेव्हापासून नवा पत्रा धुण्याच्या सोड्याने धुतो, पॉलिश पेपर मारतो, वॉश प्रायमर देतो आणि मगच रंगाला हात लावतो.

स्वस्त म्हणून लोक कमर्शियल प्लाय आणतात. आमच्याकडे मे महिन्यात भिंत हात लावू देत नाही आणि जूननंतर तीच भिंत ओल धरते. प्लाय कडेने पाणी पितो, थर सुटतात. पाण्यात टिकणारा 710 चा प्लाय चांगला, पण त्या पैशात पत्रा आणि चौकट दोन्ही होतात. एसीपी, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेला बोर्ड, गंजत नाही, सपाट राहतो. तुमसरला एखाद्या कारागिराकडे उरलेला तुकडा मिळाला तर जरूर घ्या, फक्त त्याची गुळगुळीत पाठ घासल्याशिवाय रंगवू नका. सनबोर्ड दुकानाच्या आतच बरा.

उघड्या भिंतीसाठी मी 22 गेजचा जीआय पत्रा सांगतो. गेजचा आकडा लहान तेवढा पत्रा जाड. 26 चा स्वस्त पडतो, पण उन्हात त्याला पोट येतं आणि सरळ ओढलेली शिरोरेषा वाकडी दिसते. कडा इंचभर मुडपून घ्या. भोक पाडलं, कात्री चालली, तिथलं जस्त गेलेलं असतं. त्या जागी प्रायमरचं बोट फिरवायचंच. आणि पाटी भिंतीला चिकटवू नका, मागे बोटभर हवा खेळू द्या.

राज्याच्या दुकानांच्या कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली. मराठी अक्षर दुसऱ्या लिपीहून लहान नको, हेही ठरलं. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. घाईत फ्लेक्स लावणं सोपं असतं. पण मध्य प्रदेशची हद्द इतकी जवळ असलेल्या या गावात मराठी नाव दोन उन्हाळ्यांत विटून फाटकं लोंबावं, हे मला बघवत नाही. ग्रामपंचायतीने आणि शाळांनी तरी दरपत्रक मागवताना फुटाच्या भावाशेजारी पत्र्याचं गेज आणि प्रायमरचं नाव लिहून मागावं.

त्या शाळेची दुसरी पाटी अजून तिथेच आहे. अक्षरं मी दोनदा उजळली, पत्रा तोच. खालच्या डाव्या भोकाशी रुपयाएवढा गंज धरलाय, तो या दिवाळीच्या सुट्टीत घासून काढणार आहे.