संस्थेचें दप्तर

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या शहरांत वाचनालयें, महिला मंडळें, विद्यार्थी-साहाय्यक समित्या अशा लहान संस्था पुष्कळ आहेत. त्यांचें भांडवल म्हणजे माणसें, आणि त्या माणसांची नोंद म्हणजे दप्तर. हें दप्तर बहुधा चिटणिसांच्या घरच्या कपाटांत असतें. २००५ व २०१९ च्या जुलैंत उल्हास नदीचें पाणी बदलापूरच्या सखल वस्तींत शिरलें. अशा पाण्यापुढें कागदी वह्यांचा काय टिकाव लागणार?

आतां कित्येक संस्था संगणकावर याद्या करतात. परंतु आम्हांस आढळतें तें असें कीं, वर्गणीची यादी निराळी, देणगीची निराळी आणि रक्तदात्यांची त्याहून निराळी. सभासदानें बिऱ्हाड बदललें कीं एका यादींत नवा पत्ता येतो, उरलेल्या दोहोंत जुनाच राहतो. अपरात्रीं रक्ताची निकड लागावी आणि नेमका जुनाच पत्ता हातीं यावा, हें दुर्दैव होय.

यावरील उपाय एडगर कॉड या संगणकशास्त्रज्ञाच्या १९७० सालच्या निबंधांतून पुढें आला. सभासदाचें नांव व पत्ता एकाच तक्त्यांत लिहावा आणि त्यास एक क्रमांक द्यावा. वर्गणी, देणगी, रक्तगट यांच्या तक्त्यांत केवळ तो क्रमांक घालावा. पत्ता एका ठिकाणीं सुधारला कीं सर्वत्र सुधारला. संस्कृत शिकलेल्या वाचकांस हें नवें वाटूं नये. पाणिनीच्या सूत्रांत एकदां आलेलें पद पुढील सूत्रांत अनुवृत्तीनें येतें. तें पुन्हां लिहावें लागत नाहीं.

खर्चाची भीति बाळगण्याचें कारण नाहीं. लिब्रेऑफिस या विनामूल्य संचांतील ‘बेस’ हा विभाग दोनतीनशें सभासदांच्या संस्थेस पुरेसा आहे. वाचनालयांसाठीं ‘कोहा’ ही प्रणाली आहे. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ येथील ग्रंथालय-संस्थेनें ती करवून घेतली, जानेवारी २००० पासून वापरली आणि सर्वांस खुली केली. माओरी भाषेंत ‘कोहा’ म्हणजे भेट.

प्रणाली फुकट मिळाली तरी शिस्त आपणच आणावी लागते. नोंद करणारीं माणसें दोन असावींत. दर महिन्यास दप्तराची एक प्रत दुसऱ्या घरीं, शक्यतों वरच्या मजल्यावर, ठेवावी. आधार क्रमांकासारखी माहिती कारणावांचून मागूंच नये. कारण गोळा केलेल्या माहितीच्या रक्षणाची जबाबदारी २०२३ च्या कायद्यानें ती गोळा करणारावर टाकली आहे.

आमच्या वाचकांच्या घरोघरीं संगणक जाणणाऱ्या सुना, लेकी व नातू आहेत. त्यांपैकीं एकानें रविवारचे दोन तास या कामीं दिले, तर चिटणीस बदलले तरी संस्थेस आपल्या माणसांचा विसर पडणार नाहीं.