बैलाची खांदेमळण आणि आपल्या टाचा



उसाचे पेमेंट बँकेत जमा झाले की पुढचे आठ-पंधरा दिवस तालुक्याच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते. सोसायटीचे देणे भागते, खताची उधारी फिटते आणि उरल्या पैशात घरची तरुण मंडळी गोरे होण्याची ट्यूब, केस काळे करण्याची पुडी आणि काळा चष्मा घेऊन येतात. याला आमची हरकत नाही. माणसाने चारचौघांत नीटनेटके दिसावे, याच मताचे आम्ही आहोत. आमचे म्हणणे एवढेच की ट्यूबवर जो पैसा जातो तो बहुतेक वाया जातो. रूप जे काही असते ते रोज सकाळी मोरीवर आणि रोज रात्री अंथरुणावर तयार होते, आणि त्याला एका मोळीच्या किमतीइतकाही खर्च येत नाही.

आपल्याकडे एक खोड आहे. एखाद्या शेतकऱ्याने दाढी करून, धुतलेला सदरा घालून पारावर पाय ठेवला की लगेच कुणीतरी विचारतो, "काय भो, लगीनले चालना का?" स्वच्छ राहणे म्हणजे नटणे आणि नटणे म्हणजे काम चुकवणे, असा हिशेब. याच खानदेशात, अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात, १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी शिक्षक होते. छात्रालयाचे काम पाहताना मुलांच्या खोल्या झाडणे, विस्कटलेली अंथरुणे नीट लावणे ही कामे ते स्वतःच्या हाताने करत. त्यांना कुणी नटवा म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

सगळ्यात आधी दात. वार्षिक सभेनंतर काढलेले फोटो पाहा. पुढच्या रांगेतली अर्धी मंडळी ओठ मिटून बसलेली दिसतील. ते गांभीर्य नव्हे, ती तंबाखू आहे. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात साधारण दर चार प्रौढांमागे एक जण तंबाखू खाणारा किंवा ओढणारा निघाला, आणि त्यातही खाणारेच फार. बायामाणसांत मशेरीची सवय आहे. तव्यावर तंबाखू भाजायची, कुटायची, सकाळी हिरड्यांना लावायची आणि म्हणायचे की दात घासते. १९९२ साली केंद्र सरकारने दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली, पण घरच्या तव्यावरच्या मशेरीला कोणता कायदा गाठणार? राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. पुडी कुठे मिळते ते आम्ही सांगायला नको.

मशेरीने दात साफ होत नाहीत. तलफ भागते, आणि तलफ भागली की बरे वाटते, एवढाच तिचा गुण. हिरड्या खाली सरकतात, दात हलू लागतात आणि पन्नाशीच्या आत गाल बसतात. मग माणूस सत्तरीचा दिसतो. सुपारीचे आणखी वेगळे. तिने तोंडाचे आतले कातडे ताठर होत जाते. आजच घरी करून पाहा: उभी तीन बोटे तोंडात शिरतात का? शिरत नसतील, किंवा गालाच्या आत पांढरा चट्टा असेल, किंवा एखादा फोड दोन-तीन आठवडे भरत नसेल, तर धुळ्याच्या हिरे मेडिकल कॉलेजात किंवा जळगावच्या सरकारी दवाखान्यात दाखवा. कर्करोग लवकर सापडला तर इलाज सोपा असतो. उशीर झाला की जबडा काढावा लागतो, आणि त्या चेहऱ्यावर लावायची ट्यूब अजून निघालेली नाही.

ट्यूबचा विषय निघालाच आहे. उसाच्या रानात काम म्हणजे घाम, ओल आणि कूस. जांघेत, काखेत नायटा उठतो. आपण दुकानात जातो, 'खाजेची ट्यूब द्या' म्हणतो. अशा पुष्कळ ट्यूबांत स्टेरॉइड असते. दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते, आपण खूष. आत बुरशी मात्र पसरत राहते, आणि महिन्याने ती पाठीवर, घरच्या बाईच्या हातावर, पोराच्या मानेवर निघते. हीच मलमे काही मुली गोरेपणासाठी तोंडाला लावतात. कातडे पातळ पडते, उन्हात भाजल्यासारखे लाल होते, पुटकुळ्या येतात, मिशीच्या जागी लव वाढते. २०१८ साली या मलमांवर डॉक्टरच्या चिठ्ठीचे बंधन आले, ते उगाच नव्हे. किडीवर अर्धवट फवारणी करून सोडली की कीड चिवट होते, हे सभासदाला समजावून सांगावे लागत नाही. नायट्याचेही तसेच. डॉक्टर जितके आठवडे सांगतील तितके औषध पुरे करा, घरात ज्याला ज्याला आहे त्या सर्वांनी एकदमच घ्या, प्रत्येकाचा टॉवेल वेगळा ठेवा, आतले कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. आपल्या खानदेशात दुसरे काही नसेल, ऊन मात्र भरपूर आहे.

फवारणीवरून आठवले. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर औषध फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. पंप खाली ठेवला की आधी साबणाने आंघोळ, मग भाकरी. अंगातले कपडे घरच्या धुण्यात मिसळू नका.

आता पाय. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे हळद-तुपाने चोळतो, शिंगे रंगवतो, नदीवर नेऊन धुतो. त्याच वेळी धन्याच्या टाचेत पैसा मावेल एवढी भेग असते! रात्री पाय कोमट पाण्यात धुऊन, पुसून, भेगांत कोकमतेल भरावे. खर्च चार आण्याचाही नाही असे पूर्वी म्हणत, आज चार रुपये म्हणा. ज्याला मधुमेह आहे त्याने मात्र पाय गरम पाण्यात घालू नयेत; चटका कळत नाही. त्याने रोज तळवा पाहावा, नाही दिसला तर नातवाला पाहायला सांगावा, आणि अनवाणी बांधावर जाऊ नये.

मधुमेहाचे नाव काढले म्हणून एक गोष्ट बोलून टाकतो, संचालक मंडळाने राग मानू नये. काट्यावर नंबर लागेपर्यंत, गट ऑफिसात, पारावर, अर्धा-अर्धा म्हणत दिवसाला दहा चहा होतात. एका चहात दोन चमचे साखर धरली आणि चमचा पाच ग्रॅमचा, तर शंभर ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे पन्नासच्या आत राहा म्हणते, पंचवीस तर उत्तम. साखर आपण पिकवतो, म्हणून ती सगळी आपणच संपवावी असे काही पोटनियमांत लिहिलेले नाही. तिचा खरा उपयोग मे महिन्यात होतो. पोराला जुलाब लागले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट-घोट पाजत राहा आणि दवाखाना गाठा.

रात्रपाळीची वीज ज्यांच्या वाट्याला येते त्यांच्या झोपेबद्दल काय बोलणार? डोळ्यांखालची काळी वर्तुळे क्रीमने जात नाहीत, दिवसा वीज मिळाली तर जातील. तोवर आळीपाळीने जागा, एकट्यानेच आठवडा काढू नका.

आणि एक. आपण म्हणतो, तोडणीच्या टोळ्या अस्वच्छ राहतात. पहाटे चारला फडात गेलेली बाई सूर्य कलल्यावर कोपीवर येते, हंडाभर पाणी लांबून आणते, आणि न्हायचे कुठे, तर उघड्यावर. आडोसा नाही म्हणून ती दिवसभर पाणीही कमी पिते, त्याने लघवीची दुखणी लागतात. तिच्याकडे साबण आहे. तिला पाणी आणि चार पत्रे हवे आहेत. येत्या गळितापूर्वी प्रत्येक गटात टोळ्यांच्या तळावर पाण्याची टाकी आणि बायांसाठी बंदिस्त न्हाणीघर व संडास उभे करावे, असा ठराव आम्ही वार्षिक सभेला देत आहोत. सूचक आम्ही आहोत. अनुमोदकाने सभेच्या आठ दिवस आधी गट ऑफिसात नाव द्यावे.