तो लाल आकडा

परवा शनिवारी सकाळी निवांत चहा पीत बसलो होतो, तेवढ्यात मावशीचा फोन. "अरे, आपल्या फराळाच्या साईटवर या गोळ्यांच्या जाहिराती तू लावल्यास का?"

उघडून बघतो तर काय, चकलीवर क्लिक केलं की भलतंच पान! दिवाळी तोंडावर आलेली, आणि ऑर्डरी सगळ्या तिथूनच येणार.

साईट मीच वर्डप्रेसवर करून दिलेली. हौसेने अकरा प्लगिन टाकले. फोटो सरकवायला एक, फॉर्मला एक, आणि चक्क बर्फ पाडायला एक (पुण्यात!). पुढे अपडेटचा लाल आकडा दिसायचा आणि मी म्हणायचो, चालू आहे ना, मग कशाला हात लावा? ऑफिसात हेच कुणी म्हटलं तर मी त्याला सोलून काढीन.

मंडळी, इथेच आपण फसतो. दुरुस्ती बाहेर पडते त्या दिवशी भोक कुठे होतं हेही जगजाहीर होतं. जुनी आणि नवी फाईल शेजारी ठेवली की चोराला पत्ताच मिळतो. 'स्लायडर रिव्होल्यूशन'चंच बघा. दुरुस्ती फेब्रुवारी २०१४ मध्ये आली होती, तरी डिसेंबरात त्याच भोकातून हजारो साईट्स फोडल्या गेल्या आणि गूगलने अकरा हजारांवर डोमेन काळ्या यादीत टाकली. कित्येकांच्या थीममध्येच तो प्लगिन होता, त्यांना आपल्याकडे तो आहे हेच माहीत नव्हतं!

मग सगळं ऑटो-अपडेटवर टाकावं? वर्डप्रेस ५.५ पासून, म्हणजे ऑगस्ट २०२० पासून, प्लगिनसाठी ती सोय आहे, आणि ती वापरावीच. पण २०१७ साली 'डिस्प्ले विजेट्स' हा प्लगिन विकला गेला आणि नव्या मालकाने अपडेटमधूनच चोरदरवाजा आत सोडला. म्हणजे प्रत्येक प्लगिन हा आपण कुणा अनोळखी माणसाला दिलेली घराची किल्ली आहे. किल्ल्या कमी, तेवढा घोर कमी.

म्हणून माझं म्हणणं असं: आधी डिलीट, मग अपडेट. नुसतं डीॲक्टिव्हेट करून भागत नाही, फाईली सर्व्हरवरच राहतात. उरलेल्यांचा आधी बॅकअप, मग अपडेट, आणि शेवटी स्वतः एक खोटी ऑर्डर टाकून बघायची. महिन्यातून अर्धा तास, बास.

माझा मात्र अख्खा वीकेंड गेला. अकरातले चार प्लगिन उरलेत. मावशीने दोन दिवस फोनवरून वहीत ऑर्डरी घेतल्या. एका काकूंनी ऑर्डर रद्द केली. म्हणाल्या, "माझा नंबर, पत्ता तिथे टाकला होता गं, आता भीती वाटते."

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. साईट माझी, आळस माझा, पण पत्ता त्यांचा होता.

असो. तुमच्याकडचा लाल आकडा किती आहे सध्या?