कालक्रमाचं भांडण करा, गल्ल्याचं सोडा

व्हिडिओ गेमच्या चाहत्यांची दोन भांडणं कधी संपत नाहीत. पहिलं मालिकेच्या सलगतेचं: कुठला भाग कुठल्याच्या आधीचा, अमुक राजा तमुकाचा पूर्वज की नुसताच नामसाधर्म्याचा घोळ. दुसरं नव्या कन्सोलच्या भवितव्याचं: चालणार की आपटणार, किती खपणार, कोण कोणाला मागे टाकणार. साहित्यातली मंडळी या दोन्हींकडे एकाच नजरेने पाहतात, म्हणजे पाहतच नाहीत. ‘पोराटोरांचे रिकामे उद्योग’ असा शेरा मारून मोकळी होतात. मला इथे दोन्ही बाजूंशी भांडायचं आहे. पहिलं भांडण अस्सल वाचनाचं आहे, त्याला हिणवणं साहित्यवाल्यांना शोभत नाही. दुसरं मात्र परक्याच्या दुकानाची वही फुकट लिहिण्याचं आहे, आणि ते चाहत्यांनी टाकून द्यावं.

उदाहरण निन्टेंडोच्या ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ या मालिकेचं घेतो. ज्यांनी ती खेळलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: हायरूल नावाचं राज्य, झेल्डा नावाची राजकन्या, लिंक नावाचा मुलगा आणि गॅनन नावाचा शत्रू. पहिला खेळ १९८६ सालचा. पुढच्या बहुतेक भागांत हीच नावं परत येतात, पण माणसं बहुधा निराळी असतात, मधे पिढ्या किंवा शतकं उलटलेली असतात. त्यामुळे प्रत्येक नवा खेळ एक प्रश्न घेऊनच येतो: ही तीच गोष्ट, की दुसरी?

१९९८ च्या ‘ओकारिना ऑफ टाइम’ने हा गुंता पक्का केला. त्यात लिंक सात वर्षांच्या झोपेतून तरुण होऊन उठतो, शत्रूला हरवतो, आणि शेवटी झेल्डा त्याला पुन्हा बालपणात पाठवून देते. मग तो जे जग मागे सोडून गेला, त्याचं काय झालं? २००२ च्या ‘विंड वेकर’ने उत्तर दिलं: संकट परत आलं, वीर आलाच नाही, आणि राज्य समुद्राखाली गेलं. २००६ च्या ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’ने बालपणाकडे जाणारी दुसरी वाट धरली. २०११ च्या अखेरीस जपानमध्ये ‘हायरूल हिस्टोरिया’ हे अधिकृत पुस्तक निघालं आणि त्याने तिसरा फाटा काढला: ‘ओकारिना’त लिंक हरलाच असता तर? आता हा पराभव त्या खेळाचा शेवट म्हणून कुठेच येत नाही. खेळणारा हरतो, पडद्यावर ‘गेम ओव्हर’ उमटतं, तो पुन्हा सुरू करतो, एवढंच. पण पुस्तकाने त्या फसलेल्या डावातून एक अख्खा इतिहास उभा केला आणि १९८६ चा मूळ खेळ त्याच फाट्यावर नेऊन बसवला. कोणी याला लबाडी म्हणतं, कोणी प्रतिभा. त्यावर अजून वाद चालू आहेत आणि ते चालू राहावेत असंच मला वाटतं.

कारण हे वाद करणारी माणसं काय करतात ते पाहा. २०२३ च्या ‘टियर्स ऑफ द किंगडम’मध्ये राउरू नावाचा राजा हायरूलची स्थापना करताना दिसतो. पण राज्याच्या आधीची आद्यकथा २०११ च्या ‘स्कायवर्ड स्वोर्ड’ने सांगून झाली होती, आणि तिच्यात राउरूच्या वंशाचा पत्ता नाही. ‘इम्प्रिझनिंग वॉर’ हे युद्धही १९९१ च्या ‘अ लिंक टू द पास्ट’मध्ये येऊन गेलेलं, वेगळ्या तपशिलांसह. एक पक्ष म्हणतो, जुनं राज्य बुडाल्यावर ही दुसऱ्यांदा झालेली स्थापना आहे. दुसरा म्हणतो, हा निराळा पाठ आहे, एकच दंतकथा वेगळ्या तोंडून आलेली. दोन्ही पक्ष भिंतीवरची चित्रं तपासतात, जपानी आणि इंग्रजी संवाद शेजारी ठेवून पाहतात, भाषांतरात काय निसटलं ते दाखवतात.

याला आपल्याकडे पाठचिकित्सा म्हणतात. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम चाललं, हजाराहून अधिक हस्तलिखितं ताडून पाहिली गेली. दोन्ही कामांची उंची सारखी आहे, असा माझा दावा नाही. पण वृत्ती तीच आहे: समोरचा पाठ जपून वाचायचा, विसंगती दिसली की ती झाकायची नाही, तिच्यातून गोष्टीचा प्रवास शोधायचा. ज्या समाजाला ही वृत्ती ठाऊक आहे, त्याने ती पडद्यासमोर दिसल्यावर नाक मुरडू नये.

या वाचनातही एक खोट आहे. बरेच चाहते कंपनीच्या अधिकृत तक्त्याला शेवटचा शब्द मानतात. पण तो तक्ता कंपनीनेच बदलला आहे. ‘हायरूल हिस्टोरिया’त ‘ओरॅकल’ची जोडी आधी आणि ‘लिंक्स अवेकनिंग’ नंतर होतं, पुढे हा क्रम उलटवला गेला. कवीच्या मुलाखतीवरून कवितेचा अर्थ ठरत नाही, हे आपण केव्हाच मान्य केलं आहे. मग मालकाच्या तक्त्यावरून खेळाचा अर्थ का ठरावा? तक्ता हा आणखी एक पाठ समजावा, निकालपत्र नव्हे.

आता दुसरं भांडण. ५ जून २०२५ ला ‘स्विच २’ बाजारात आला. तेव्हा अमेरिकेत त्याची किंमत ४४९.९९ डॉलर होती. पहिल्या चार दिवसांत ३५ लाखांहून अधिक खपला, असं कंपनीने जाहीर केलं, आणि चाहत्यांच्या निम्म्या जगाने तो आपलाच विजय असल्यासारखा साजरा केला. उरलेल्या निम्म्याने ‘वी यू’ची आठवण काढली. ‘वी’ दहा कोटींवर गेला होता, आणि २०१२ साली आलेला त्याचा वारसदार ‘वी यू’ सुमारे १ कोटी ३५ लाखांवरच थांबला. पुढचा ‘स्विच’ १५ कोटींच्या पलीकडे गेला. हे आकडे चाहत्यांना तोंडपाठ असतात.

कन्सोल चालेल का, हा प्रश्न मुळात मूर्खपणाचा नाही. एवढे पैसे मोजणाऱ्याला पुढे खेळ निघतील की नाही हे कळायला हवंच. कन्सोल पडला की त्यासाठी खेळ बनवणारेही पळतात. पण ती चौकशी झाली गिऱ्हाइकाची. आपल्याकडे दिसतं ते वेगळंच: मालकाच्या गल्ल्याची काळजी करणारा, त्याच्या प्रतिस्पर्ध्याचा राग करणारा, किंमत वाढली तरी तिचं समर्थन करणारा बिनपगारी मुनीम. भारतातल्या चाहत्याचं तर हसूच येतं. निन्टेंडोचं भारतासाठी ऑनलाइन दुकान नाही. इथला माणूस लॅमिंग्टन रोडवर किंवा पालिका बझारमध्ये बाहेरून आणलेला कन्सोल वॉरंटीशिवाय घेतो, खातं दुसऱ्या देशाच्या नावाने उघडतो, आणि मग विक्रीच्या आकड्यांवरून जिवाभावाच्या मित्राशी अबोला धरतो. ज्यांच्या वहीत आपलं नावच नाही, त्यांची वही आपण लिहीत बसलो आहोत.

या गोंधळात खरी सलगता बाजूलाच राहते. सलगता म्हणजे फक्त हायरूलच्या राजांची वंशावळ नव्हे. १९८६ चा खेळ आजच्या मुलाला खेळता येतो का, हीसुद्धा सलगताच आहे. जो पाठ उघडताच येत नाही त्याच्या क्रमावर वाद कसा घालणार? ‘विंड वेकर’ आणि ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’ यांच्या सुधारित आवृत्त्या ‘वी यू’साठीच निघाल्या, आणि त्या कन्सोलचं ऑनलाइन दुकान २७ मार्च २०२३ ला खरेदीसाठी बंद झालं. ‘स्विच २’वर जुना ‘विंड वेकर’ मिळतो, पण वर्गणी भरत राहिलात तरच. वर्गणी थांबली की खेळ थांबला. या कन्सोलच्या काही कॅसेटींत तर खेळच नसतो, नुसती किल्ली असते, खेळ इंटरनेटवरून उतरवून घ्यावा लागतो. उद्या ते सर्व्हर बंद झाले तर हातात प्लॅस्टिकचा तुकडा उरेल. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली केलेल्या पाहणीत आढळलं, की अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत.

१९९५ साली जपानमध्ये सॅटेलाव्ह्यू या सेवेवरून झेल्डाचा एक खेळ उपग्रहामार्फत प्रक्षेपित झाला होता. ठरलेल्या वेळी, आवाजाच्या साथीने, रेडिओवरच्या श्रुतिकेसारखा. ती सेवा कधीच बंद झाली. आज तो खेळ थोडाफार हाती आहे तो चाहत्यांनी जुनी ध्वनिमुद्रणं आणि उरलेला डेटा जुळवून त्याची पुनर्रचना केली म्हणून. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हा त्यांच्याकडेही त्या ग्रंथाची मालकी नव्हती, होती ती जिव्हाळ्यातून आलेली जबाबदारी. जपण्याचं काम मालकापेक्षा वाचक करतो, हे मराठी माणसाला नव्याने सांगायला नको.

यावर आक्षेप ठरलेला आहे: ही तर चोरी. कालपरवा निघालेला खेळ फुकट वाटणं चोरीच आहे, त्यात मला वाद नाही. ‘युझू’ या एम्युलेटरच्या कर्त्यांनी २०२४ साली निन्टेंडोला २४ लाख डॉलर देऊन खटला मिटवला, तेव्हा नवे खेळ फुटल्याची तक्रार होती आणि ती समजण्यासारखी होती. पण जे तीस वर्षं विकायला नाही, विकायचा विचारही नाही, त्याला कुलूप कशासाठी? अमेरिकेतल्या ग्रंथालयांनी बाजारातून गेलेले खेळ संशोधकांना दुरून पाहू देण्याची सूट मागितली होती. तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ती नाकारली, आणि खेळउद्योगाच्या संघटनेचा त्या मागणीला विरोध होता. पुस्तकाची छपाई थांबली म्हणून ग्रंथालयातली प्रत कोणी साखळीने बांधत नाही. खेळाच्या बाबतीत हे चालतं, कारण ओरडायला हवं ते लोक विक्रीच्या आकड्यांत रमलेले आहेत.

तेव्हा साहित्यवाल्यांनी हे भांडण ऐकायला यावं, त्यात त्यांना ओळखीचं बरंच सापडेल. आणि चाहत्यांनी राउरूवर, तीन फाट्यांवर, गॅननच्या किती जन्मांवर हवं तेवढं भांडावं. पण पुढचा कन्सोल येईल तेव्हा तो किती खपेल हे विचारू नये. तीन प्रश्न विचारावेत. माझ्या जुन्या कॅसेटी यावर चालतील का? विकत घेतलेलं, दुकान बंद झाल्यावरही माझं राहील का? डबीत खेळ आहे, की नुसती किल्ली? या तिन्हींची सरळ उत्तरं मिळेपर्यंत पाकिटाला हात घालू नये.