हार न मानणारा वकील



हाती सैन्य नाही, पैसा नाही, राज्य नाही, अशा समाजाने मोठ्या सरकारांना आपले गाऱ्हाणे कसे ऐकवावे? आर्मेनियन समाजातील वकील वाहान कार्डाशियन यांचे आयुष्य याच कामात गेले.

त्यांचा जन्म तुर्कस्तानातील कायसेरीचा. अमेरिकेत जाऊन ते येल विद्यापीठात कायदा शिकले आणि न्यूयॉर्कला वकिली करू लागले. तेथील तुर्की वकिलातीचे कामही ते पाहत. परंतु १९१५ साली त्याच तुर्की राजवटीने आर्मेनियन लोकांना घरादारातून काढून वाळवंटाकडे हाकलले. बायामुलांसह लाखो माणसे मेली. कार्डाशियन यांनी त्या सरकारची चाकरी सोडली आणि आपल्या माणसांचे वकीलपत्र घेतले.

१९१८ मध्ये त्यांनी आर्मेनियाच्या स्वातंत्र्यासाठी अमेरिकेत समिती उभारली. अध्यक्षपद मात्र माजी राजदूत जेम्स जेरार्ड यांना दिले. जेरार्ड यांच्या शब्दाला वजन होते. राबणारे हात कार्डाशियन यांचे होते. पुस्तिका छापायच्या, अर्ज करायचे, सिनेटच्या सभासदांना पत्रांमागून पत्रे लिहायची. यालाच लॉबिंग म्हणतात.

१९२० च्या सेव्हर करारात आर्मेनियाला स्वतंत्र राष्ट्र म्हणून मान्यता होती. पण तो करार अमलात आलाच नाही. १९२३ मध्ये अमेरिकेने लोझान येथे तुर्कस्तानशी वेगळा करार केला, त्यात आर्मेनियन लोकांच्या हक्काचा पत्ताच नव्हता. कार्डाशियन त्याविरुद्ध उभे राहिले. १८ जानेवारी १९२७ रोजी सिनेटमध्ये ५० मते बाजूने, ३४ विरोधात पडली. दोन तृतीयांशाला ६ मते कमी पडली आणि करार फेटाळला गेला!

पण पुढच्याच महिन्यात अमेरिकन सरकारने नुसत्या पत्रव्यवहारावर तुर्कस्तानशी संबंध जोडले. जिंकूनही पदरात काही पडले नाही. १९३४ साली कार्डाशियन वारले.

मग सारे फुकट गेले का? नाही. त्यांच्यामागून आलेल्यांनी ते काम चालूच ठेवले. २०१९ मध्ये अमेरिकन संसदेच्या दोन्ही सभागृहांनी १९१५ च्या त्या संहाराला वंशसंहार म्हटले. २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनीही तोच शब्द वापरला. कार्डाशियन यांना जाऊन तेव्हा ८७ वर्षे झाली होती.

म्हणून बंधुभगिनींनो, एका अर्जाला उत्तर आले नाही म्हणून गप्प बसू नका. दुसरा लिहा. त्याची प्रत घरात जपून ठेवा आणि तो कशासाठी लिहिला, ते मुलांना सांगून ठेवा.